‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘किता’ म्हणजे आपण

योग्यकार्ताहून: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. आमच्याकडे मूल्यशिक्षण परिपाठात उरकतं. फळ्यावर सुविचार, एक बोधकथा, झालं. गेल्या लेखात तुम्ही लिहिलं होतं की इंडोनेशियात भाषेच्या तासालाच मूल्यं शिकवतात. म्हणजे नक्की काय करतात? आणि मुलांवर त्याचा काही परिणाम होतो का?
– एक शिक्षक, ता. खटाव

उत्तर : सर, तुमचा जरा गैरसमज झालाय आणि तो माझ्याच लेखामुळे झालाय. परिपाठ इथेही आहे, आणि चांगला तासभर. दर सोमवारी सकाळी झेंड्यापुढे लाल-पांढऱ्या गणवेशात उभं राहायचं, राष्ट्रगीत म्हणायचं, मग पांचासिलाची, म्हणजे देशाच्या पायाभूत विचारसरणीची, पाच तत्त्वं मोठ्या साहेबांच्या मागोमाग एका सुरात म्हणायची. उन्हात एखादं पोर चक्कर येऊन बसतं, तेही अगदी आपल्यासारखंच. ‘पांचासिला’ हा वेगळा विषय आहे, त्याचं वेगळं पुस्तक आहे, वेगळे मार्क आहेत.

भाषेच्या पुस्तकातही बोधकथा आहेतच. प्रत्येक गोष्टीखाली शेवटचा प्रश्न ठरलेला : ‘या गोष्टीचा आमानात काय?’ आमानात म्हणजे आपली ‘अमानत’च, पण इथे तिचा अर्थ तात्पर्य असा घेतात. मालिन कुंदांगची गोष्ट प्रत्येक मुलाला येते. पश्चिम सुमात्रातला हा गरीब पोरगा परदेशी जाऊन श्रीमंत होतो, जहाज घेऊन गावी परततो आणि फाटक्या लुगड्यातल्या आईला ओळख देत नाही. आई शाप देते, त्याचा दगड होतो. माझ्या लेकीने आमानात लिहिला : ‘श्रीमंत झाल्यावर समुद्रावर जाऊ नये.’ शून्य मार्क. बरोबर उत्तर होतं ‘आईवडिलांचा आदर करावा’, आणि वर्गातल्या सत्तावीस जणांनी तेच शब्द लिहिले होते. तेव्हा तुमचा प्रश्न या तासाबद्दल असेल तर सरळ सांगते, परिणाम शून्य. आमानात पाठ होतो, आई घरी ओरडतच राहते.

मी लिहिलं होतं ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. दोन प्रसंग सांगते.

लेक दुसरीत असताना मी आठवड्यातून एकदा वाचनाच्या तासाला मदतीला जायची. एक मुलगा दप्तर पाठीला लावून बाईंसमोर आला आणि म्हणाला, ‘बू, किता माउ पुलांग.’ बाई, आपण घरी चाललो. बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘मीपण का?’ वर्ग खो खो हसला. या भाषेत ‘आम्ही’ला कामी आणि ‘आपण’ला किता. टीव्हीवरच्या जकार्ती बोलीत दोन्हीकडे किताच चालतं, त्यामुळे पोरं चुकतात. बाईंनी तिथेच फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एका वर्तुळात ऐकणारा माणूस आत, दुसऱ्यात बाहेर. मग एकेकाला विचारायला लागल्या : डबा वाटून खाल्ला, कामी की किता? वर्ग झाडायचाय, कामी की किता? झाडायची पाळी, म्हणजे ‘पिकेत’, इथे प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा येते. शिपाई वर्ग झाडत नाही. एक मुलगी म्हणाली, ‘आज कामी झाडणार.’ बाई म्हणाल्या, ‘मी बाहेर? बरं, मग मी निघते.’ तिने लगेच किता केलं, आणि बाईंनी खरंच केरसुणी हातात घेतली.

माझ्या लेकीला हे समजवावं लागलंच नाही. मराठी मुलाला ते उपजत येतं, घरात आम्ही-आपण ऐकूनच ते वाढतं. हिंदीत ‘हम’, इंग्रजीत ‘वी’, तिथे ही सोयच नाही. सर, तुमच्या वर्गात हा धडा उद्या घेता येईल, पुस्तक लागत नाही.

दुसरा प्रसंग कँटीनचा. ‘कांतिन कजुजुरान’, म्हणजे प्रामाणिकपणाचं कँटीन, अशी एक टूम इथे 2008 च्या सुमाराला निघाली होती. सरकारी वकिलांच्या खात्याने भ्रष्टाचारविरोधी मोहीम म्हणून ती उचलली. गल्ल्यावर कोणी बसत नाही. खाऊ मांडलेला, शेजारी डबा. पैसे टाका, सुटे आपणच घ्या. बरीच बंद पडली. आमच्या ओळखीच्या एका शाळेत उशिरा सुरू झालं होतं. टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भजी, नग हजार रुपिया. चाळीस भजी संपली, डब्यात एकतीस हजार.

चौथीच्या बाईंनी चौकशी केली नाही. भाषेच्या तासाला ‘सूचना लिहा’ हा धडा होता, तोच त्यांनी यावर घेतला. पहिला मसुदा एका मुलाने लिहिला : ‘नऊ चोर आपल्या शाळेत आहेत.’ दुसऱ्याने ‘ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांनी द्यावेत.’ बाई म्हणाल्या, ‘दिले नाहीत’ कशावरून? मग आला तो शब्द ज्याच्यावर मी फिदा आहे : ‘बलुम’. म्हणजे ‘अजून नाही’. या लोकांना लग्न झालं का विचारा, साठीचा माणूससुद्धा ‘नाही’ म्हणत नाही, ‘बलुम’ म्हणतो. शेवटी भिंतीवर लागलं ते असं : ‘सम्बिलान गोरेंगान बलुम दिबायार.’ नऊ भज्यांचे पैसे अजून भरलेले नाहीत. कोणी भरले नाहीत ते वाक्यात कुठेच नाही. व्याकरणात याला कर्मणी म्हणतात, वर्गात त्याला त्या दिवशी सभ्यपणा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डब्यात सहा हजार जास्त निघाले. तीन कधीच आले नाहीत. दीड महिन्याने कँटीन बंद झालं, कारण भजी करणाऱ्या काकूंना तोटा झेपेना. ती सूचना मात्र पुढे कितीतरी दिवस भिंतीवर होती.

प्रश्न : पहिलीपासून हिंदीवरून 2025 मध्ये आपल्याकडे एवढं रान पेटलं. इंडोनेशियात सातशेहून जास्त भाषा असताना एक भाषा सगळ्यांनी मुकाट कशी मान्य केली? आणि सर्वांत जास्त लोक जावानीज असताना जावानीज का नाही?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जावानीज नाही, म्हणूनच मान्य केली. देशात चाळीस टक्के माणसं जावानीज. त्यांची भाषा लादली असती तर बाकीच्यांनी तेच केलं असतं जे आपल्याकडे झालं. 28 ऑक्टोबर 1928 ला तरुणांनी शपथ घेतली ती मलय भाषेला ‘इंडोनेशियन’ म्हणून. ती बंदराबंदरांतली व्यापाराची भाषा, फारच थोड्यांची मातृभाषा. शपथेची शब्दयोजना बघा : एक मायभूमी, एक राष्ट्र, आणि तिसऱ्या कलमात ‘एक भाषा’ नाही, तर ‘एकजुटीची भाषा’ उचलून धरू. बाकीच्या भाषा टाका असं कुणी म्हटलं नाही.

शिवाय जावानीजमध्ये मान-मरातबाच्या पायऱ्या आहेत. बरोबरीच्याशी ‘ङोको’, मोठ्यांशी ‘क्रोमो’, आणि दोहोंत शब्दच वेगळे. आपलं तू-तुम्ही त्यापुढे पोरखेळ.

पण किंमत मोजावी लागली, तीही सांगते. आमच्या शेजारचा मुलगा आजीशी इंडोनेशियनमध्ये बोलतो. जावानीज येत नाही असं नाही, ङोको फाडफाड येते. पण आजीशी ङोको म्हणजे उद्धटपणा, आणि क्रोमो येत नाही. चुकण्यापेक्षा सरकारी भाषा बरी! लेकीच्या शाळेत जावानीज आठवड्याला दोन तास, ‘स्थानिक विषय’ म्हणून. त्यात क्रोमो जमत नाही. आणि गंमत अशी की प्राथमिकच्या प्रत्येक मुलाच्या टोपीवर जे ब्रीद आहे, ‘तुत वुरी हांदायानी’, मागे राहून बळ द्यावं, ते जावानीजच आहे. इथल्याच शिक्षणतज्ज्ञ ‘कि हाजार देवांतारा’ यांचं. त्यांनी 1922 मध्ये याच गावात तामान सिस्वा ही शाळा काढली. सिस्वा म्हणजे आपला शिष्य.

प्रश्न : यजमानांची बदली सुराबायाला झाली आहे. मुलगा सहा वर्षांचा. स्थानिक शाळेत घालायचा विचार आहे. जाण्याआधी काय शिकवू?
– एक आई, नाशिक

उत्तर : भाषेची काळजी करू नका; क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, मूल तीन महिन्यांत तुम्हाला शिकवेल. ‘तोलोंग’ (कृपया), ‘माआफ’ (माफ करा), ‘त्रिमा कासिह’ (आभार) आणि ‘बलुम’ एवढे चार शब्द द्या. बाईंचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा, त्याला ‘सालिम’ म्हणतात, ते घरी करून बघा. बाईंना ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘बू’च म्हणायचं : ‘बू, उद्या बू येणार का?’ वर्ष जुलैत सुरू होतं आणि पहिलीला सात वर्षांच्यांना आधी घेतात, तेव्हा सहा वर्षांच्याला कदाचित थांबावं लागेल. सोमवारची टोपी दोन घ्या. एक पहिल्याच महिन्यात हरवते.