मुलांची बचत आणि शाळेची लोकवर्गणी

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलांची बचत बँक चालते. मुले दर सोमवारी पाच-दहा रुपये वर्गशिक्षकांकडे देतात आणि शिक्षक ते छोट्या पासबुकात लिहून देतात. शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घ्यायचे आहे, पण लोकवर्गणी कमी पडते आहे. म्हणून बचतीची रक्कम तूर्त वापरावी आणि वार्षिक परीक्षेपर्यंत मुलांना परत करावी, अशी सूचना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आली. मुलांना विचारले, तेव्हा सर्वांनी हात वर केले. समितीची सदस्य म्हणून मी या ठरावाला संमती द्यावी का?
— एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : देऊ नये. हेतू चांगला असला तरी ती रक्कम शाळेची नाही. शाळा ती केवळ सांभाळते आहे. मुलांनी हात वर केले याला कायद्याने काहीच वजन नाही, कारण 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) व्यक्ती करार करू शकत नाही, आणि वर्गात गुरुजींनी विचारल्यावर दुसरीतले मूल ‘नको’ म्हणेल, ही अपेक्षाही फारशी खरी नाही.

यंत्रासाठी लोकवर्गणी जरूर गोळा करावी. मात्र ती गावाकडून, माजी विद्यार्थ्यांकडून आणि स्वेच्छेने. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेतील शिक्षण आठवीपर्यंत मोफत केले आहे, त्यामुळे ‘प्रत्येकी इतके रुपये आणा’ असे मुलांना सांगणे त्या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. त्याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शासकीय अनुदानाबरोबरच इतर कोणत्याही मार्गाने आलेल्या निधीच्या वापरावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम आहे. म्हणून प्रत्येक देणगीची पावती, कीर्दीत नोंद आणि खर्चाचा ठराव यांचा आग्रह तुम्ही धरला, तर त्यात कोणावर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. आनंद बाजार भरवून निधी उभा करायचा असेल, तर भेळ-सरबताच्या विक्रीतून उरणारा नफा मुलांचा की शाळेचा, हे आधीच पालकांना कळवावे. सामान घरचे, कष्ट आईचे आणि नफा परस्पर शाळेचा, अशी कुरकुर मग उरत नाही.

राहिला प्रश्न बचतीच्या रकमेचा. ती शिक्षकांच्या कपाटात महिनोन्महिने ठेवणे शिक्षकांच्याच दृष्टीने जोखमीचे आहे, आणि ज्या खात्यात अनुदान येते त्या समितीच्या खात्यात ती मिसळणे तर त्याहून वाईट. मुलांच्या नावे खाती उघडावीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मूल बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवू शकते, आणि त्याहून लहान मुलाचे खाते पालकामार्फत उघडता येते; पालक म्हणून आईचीही सही चालते. पोस्टातही हीच वयोमर्यादा आहे. तेथे खाते 500 रुपयांनी उघडते, पुढे दहा रुपयेसुद्धा भरता येतात आणि गावातच डाकघर असेल तर ते सोयीचे पडते. पण किमान 500 रुपये खात्यात ठेवावेच लागतात, त्यामुळे सहलीसाठी सगळी बचत काढू म्हणणाऱ्या मुलाची निराशा होईल. अशा मुलांसाठी किमान शिलकीची अट नसलेले बँकेचे खाते बरे.

खाती उघडेपर्यंत सध्याचे पासबुक चालू ठेवण्यास हरकत नाही, फक्त दर महिन्याला त्यावर पालकांची सही घ्यावी, वर्गाची एकूण जमा आणि हातातील रोकड मुख्याध्यापकांनी ताडून पाहावी आणि कोणाची किती बचत झाली याची यादी फलकावर लावू नये, कारण ज्याच्या घरी दहा रुपयेही सुटत नाहीत ते मूल सोमवारी शाळा बुडवू लागते. पाचवीच्या मुलांना शाळा सोडल्याचा दाखला देताना त्यांच्या शिल्लक रकमेचा हिशेब त्याच दिवशी पालकांसमोर पूर्ण करावा, ही तरतूदही याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.