वाघ फोटोसारखा दिसतो, मग चित्र कशाला?

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्टीत ताडोब्याला जातो आणि काढलेल्या फोटोंवरून वाघ, सांबर, पक्षी रंगवतो. चित्रकार मित्र म्हणतात, ‘ही फोटोची नक्कल झाली. कॅमेरा असताना हा खटाटोप कशाला?’ नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं, असंही मनात येतं. काय करू?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : सर, कॅनडाचे वन्यजीव चित्रकार रॉबर्ट बेटमन तुमच्यासारखेच शिक्षक. जन्म १९३०चा, टोरांटोचा. पदवी भूगोलाची आणि पक्ष्यांचं वेड लहानपणापासूनचं. तरीही तरुणपणी ते अमूर्त चित्रांकडे वळले होते. अमेरिकन अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइन यांच्या रुंद, काळ्या फटकाऱ्यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९६२ मध्ये अमेरिकेत बफेलोला वास्तववादी चित्रकार अँड्र्यू वायथ यांचं प्रदर्शन पाहिलं आणि ते वास्तववादी चित्रणाकडे आले. पण अमूर्तातून शिकलेली मांडणी त्यांनी सोडली नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. त्यांच्या कितीतरी चित्रांत प्राणी लहान, बाजूला, अर्धा झाकलेला असतो. बाकी सगळा खडक, बर्फ, धुकं. तो प्राणी तिथला आहे, हे आपल्याला पटतं ते त्यामुळे.

मी स्वतः पाणथळीचे पक्षी रंगवते. ढोकरी चिखलात बसली की दिसतच नाही, उडाली की पांढरेशुभ्र पंख उघडते. फोटोत मात्र तिची पाठ कडेपासून कडेपर्यंत लख्ख येते. चित्रात मी त्या पाठीची कड चिखलाच्याच रंगात विरघळवते. ठळक ठेवते फक्त चोच आणि पिवळा डोळा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे चित्रकारानं ठरवलं, की नक्कल उरत नाही. तुमच्या मित्रांचा आक्षेप खोटा नाही. फोटोतलं सगळंच्या सगळं उतरवलं तर तो लागूच पडतो.

म्हणून ताडोब्यात वाघ निघून गेल्यावर जीपमध्ये वही उघडा. तो ज्या बांबूच्या सावलीतून गेला, ती सावली आधी टिपा. घरी आल्यावर वाघ कागदावर निम्म्यानं लहान करून बघा.

आता नोकरीचं. बेटमन यांनी सुमारे वीस वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं, त्यातली दोन नायजेरियात. शिकवता शिकवता रंगवत राहिले आणि १९७६ मध्ये, चित्रं विकली जाऊ लागल्यावर, पूर्णवेळ चित्रकार झाले. तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी जंगलतोडीविरुद्धही ब्रश उचलला. १९८९ च्या ‘कार्मनाह काँट्रास्ट्स’मध्ये उभं अरण्य आणि तोडून भकास झालेली जमीन एकाच चित्रात आहे. अशी चित्रं काढायला पोटाची चिंता मिटलेली असावी लागते. तेव्हा घाईनं राजीनामा देऊ नका. आधी दोन-तीन प्रदर्शनं लावा, किती चित्रं जातात ते पाहा, आणि मग घरच्यांशी बोला.