बसवलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला नळासाठी भोक पाडता येतं का, की दगड काढावा लागतो?

तुमचा ओटा चार वर्षांपूर्वीचा आहे, आता आरओचा नळ लावायचाय, जुन्या नळाचं भोक गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळासाठी मोठं करायचंय आणि मिस्त्री म्हणतोय दगड उचकटावा लागेल. उचकटू देऊ नका. मी भुसावळला प्लंबिंगची कामं करतो. ही दोन्ही भोकं जागेवरच पडतात.

पण मशीन हातात घ्यायच्या आधी ओट्याखाली डोकं घाला. आपल्या जळगाव-भुसावळकडच्या बऱ्याच ओट्यांना वर ग्रॅनाइट, मध्ये सिमेंटचा माल आणि खाली कडप्पा असतो. नुसता ग्रॅनाइट १६-१८ मिमी, पण तिन्ही मिळून ६० मिमीपर्यंत जातात. नळाचे आटे तेवढे लांब नसतात. अमळनेरला एका घरी मी भोक असं पाडलं की कपचीसुद्धा उडाली नाही. नळ घातला, खालून नट फिरवायला गेलो, तर आटे कडप्प्याच्या आतच संपलेले! वरून आजी विचारतायत, "बसला का रे भो नळ?" मग उताणं पडून कडप्पा आणि माल अडीच इंच रुंद कोरला, नट थेट ग्रॅनाइटला टेकेल असा. केसांत, कानात, सगळीकडे सिमेंट. तेव्हापासून सिंकच्या कापाशी खालून जाडी मोजल्याशिवाय मी भाव सांगत नाही.

आता भोक. आरओच्या नळाला बहुतेक १२ मिमी आणि एका दांडीच्या मिक्सरला ३५ मिमी लागतं. तरी खोक्यातला कागद बघा. डायमंडचं कोअर बिट आणा, म्हणजे ड्रिलला लावायचं, आतून पोकळ नळीसारखं बिट. ड्रिलचं हॅमर बंद म्हणजे बंद, ग्रॅनाइट ठोक्याने तडकतो. जागेभोवती कणकेचं आळं करून त्यात पाणी भरा. (गव्हाचीच कणीक घ्या, कळण्याचं पीठ भाकरीला राहू द्या.) पाण्याने बिट जळत नाही आणि धूळ उडत नाही. ती धूळ साधी नाही, ग्रॅनाइटमधली सिलिका फुप्फुसात बसते. खालून कोरताना पाणी थांबत नाही, तिथे चांगला मास्क लावा. मी लावला नव्हता. पाणी आणि वायर एकत्र नको म्हणून मी बॅटरीचं ड्रिल वापरतो.

बिट आधी तिरकं टेकवायचं, चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू सरळ करायचं. जोर देऊ नका, मशीनच्या वजनावर सोडा आणि मधूनमधून उचला, म्हणजे पाणी आत जातं. बिटाची खोली संपली की आतली गोळी स्क्रू ड्रायव्हरने मोडून काढा आणि पुढे चला. नुसताच ग्रॅनाइट असेल, खाली कडप्पा नसेल, तर शेवटी हात अगदी हलका ठेवा. खालून कुणाला तरी लाकडाची फळी दाबून धरायला सांगा, नाहीतर खालची कपची बशीएवढी निघते.

जुनं भोक मोठं करताना लोक फसतात. कोअर बिटाला मधे टोक नसतं, आणि भोकावर ते धरायला दगडच नाही, त्यामुळे ते पॉलिशवर नाचतं. प्लायच्या तुकड्यात त्याच बिटाने भोक पाडा, तो तुकडा ओट्यावर क्लॅम्पने किंवा दुहेरी टेपने पक्का बसवा आणि त्यातून बिट उतरवा. ग्राइंडरने कोरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

एकाच जागी मी नाही म्हणतो. सिंक आणि भिंत यांच्यामधली पट्टी मोजा. भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच दगड उरत नसेल तर थांबा. पट्टीवर ओलं फडकं फिरवून बघा; सगळं वाळल्यावरही एखादी रेघ ओली दिसली तर ती तडा आहे. तिथे आरओचा नळ भिंतीला लावून घ्या आणि मिक्सरही भिंतीतलाच आणा.