बारा वर्षांनी पुन्हा टोकियोत आलो आहे. जुन्या जपानी मित्रांशी संपर्क कसा साधावा?

तुम्ही लिहिले आहे की 2008 ते 2013 या काळात तुम्ही टोकियोत नोकरीला होतात, नंतर पुण्यास परतलात, आणि आता पुन्हा तिथे रुजू झाल्यावर जुन्या सहकाऱ्यांना कोणत्या तोंडाने निरोप पाठवावा हे तुम्हाला उमगत नाही. या अवघडलेपणातून मी स्वतः गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी 2006 पासून टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई येथे राहत होते. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर पाचव्या दिवशी, घरच्यांच्या आग्रहाखातर, मी मुंबईचे विमान पकडले. कार्यालयातील माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीचे आईवडील मियागी प्रांतातील इशिनोमाकी येथे राहत होते. त्सुनामीत त्या एका शहरातील तीन हजारांहून अधिक माणसे गेली. मी निघाले तेव्हा तिचा घरच्यांशी संपर्क झालेला नव्हता. पुण्यात पोहोचताच मी तिची चौकशी करायला हवी होती आणि ती मी केली नाही, कारण काय ऐकावे लागेल याची मला भीती वाटत होती. पुढे भीतीची जागा संकोचाने घेतली, आणि जितके दिवस लोटले तितका तो वाढत गेला. 2019 मध्ये मी परत आले तेव्हा आमच्यात आठ वर्षांचा अबोला होता, आणि तो केवळ माझ्या बाजूने धरलेला होता.

तुमच्याकडचे जुने पत्ते बहुधा निरुपयोगी झाले असतील. त्या काळात जपानी माणसाचा रोजचा ईमेल त्याच्या मोबाइल कंपनीशी बांधलेला असे. कंपनी बदलली की तो पत्ताही जाई. जून 2011 मध्ये ‘लाइन’ हे अ‍ॅप आले आणि पाहता पाहता बहुतेकांच्या गप्पा तिकडे वळल्या; देश सोडून गेलेली माझ्यासारखी माणसे त्या वळणावर मागे राहिली. टपाल खाते पत्ता बदलल्यावर पत्रे नव्या घरी पोहोचवते, पण एकच वर्ष. नावावरून शोधावे तर लग्नानंतर बहुसंख्य स्त्रियांचे आडनाव बदललेले असते, आणि नाव रोमन अक्षरांत लिहून शोधल्यास सहसा काही हाती लागत नाही. ते नेमक्या कांजी, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांत ठाऊक असावे लागते. म्हणून जुनी व्हिजिटिंग कार्डे आणि नववर्षाची भेटकार्डे जपून ठेवली असतील, तर ती आधी बाहेर काढा.

माझे पहिले पत्र ‘या पत्त्यावर ही व्यक्ती नाही’ असा शिक्का घेऊन परत आले. शेवटी उपयोग झाला तो एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा, जे अजून त्याच कंपनीत होते. असा एखादा माणूस तुम्हालाही सापडेल, कारण वीस-वीस वर्षे एकाच ठिकाणी काम करणारे तिथे पुष्कळ आहेत. त्यांनी मला तिचा क्रमांक दिला नाही. माझा क्रमांक तिला कळवला आणि पुढचे तिच्यावर सोडले. हे तुमच्याही बाबतीत घडेल. त्याला कोरडेपणा समजू नका आणि पुन्हा पुन्हा विचारू नका. तीन आठवड्यांनी तिचा एका शब्दाचा निरोप आला: ‘ओकाएरी’. बाहेरून घरी आलेल्या माणसाला दारात घरचे जे म्हणतात, तो हा शब्द. मी तो फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

आम्ही सेंदाईला भेटलो. तिची आई वाचली होती, वडील गेले होते. आठ वर्षे का विचारले नाहीस, असे तिने विचारले नाही. पण मी ते आपणहून बोलले, आणि ते बोलल्याशिवाय आमची मैत्री पुन्हा उभी राहिली नसती असे मला आजही वाटते. जपानी भाषेत दीर्घकाळ ख्यालीखुशाली न कळवल्याबद्दल क्षमा मागण्यासाठी ‘गोबुसाता’ हा खास शब्द आहे. तुमच्या पत्राची सुरुवात त्यानेच करा, कारण एका मनापासून लिहिलेल्या वाक्यात ते काम होते. त्यानंतर तुमची सद्यःस्थिती थोडक्यात लिहा आणि पहिल्या पत्रात घर शोधण्याची, ओळख काढून देण्याची किंवा इतर कोणतीही मदत मागू नका.

पूर्वीचा संपूर्ण कंपू एका संध्याकाळी एकाच टेबलाभोवती बसेल ही अपेक्षाही सोडावी. कोणाची बदली झालेली असते, कोणाची मुले लहान असतात, कोणी आईवडिलांच्या शुश्रूषेत गुंतलेले असते. एकेकाला, त्याच्या सोयीच्या स्थानकाजवळ, तासाभरासाठी भेटा. भेट म्हणून बाकरवडीचे एखादे छोटे पाकीट पुरे; महागडी वस्तू दिली तर परतफेडीचे ओझे त्यांच्यावर पडते.

पत्र केव्हा पाठवायचे याबद्दल माझे मत ठाम आहे. नववर्षाचे कार्ड 25 डिसेंबरपर्यंत टाकले की 1 जानेवारीला पोहोचते, आणि तुम्हालाही तीच संधी साधावीशी वाटेल. परंतु ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, तिथे नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत; ते कुटुंब तसे आधीच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, परिचितांना पत्राने कळवते. तुम्ही आता त्या परिचितांच्या यादीत नाही, त्यामुळे कोणाचे वडील किंवा जोडीदार यंदा गेले हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून नववर्षाच्या शुभेच्छांचे दिवस, म्हणजे 7 जानेवारी, उलटू द्या आणि 4 फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या वसंतारंभापूर्वी ‘कान्चू मिमाई’, म्हणजे थंडीच्या दिवसांतील विचारपुशीचे पत्र पाठवा. ते सुतकातल्या घरीही चालते. पत्ता मात्र हाताने लिहा.