सिबिल ५७१, घर कोण देईल?

प्रश्न: ताई नमस्कार. मी मूळचा आर्वीचा, नागपुरात ७ वर्षं झाली, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला, क्रेडिट कार्डाचे ६२ हजार थकले आणि रिकव्हरीवाल्यांचे फोन सुरू झाले, शेवटी २०२२ मध्ये बँकेनं ३५ हजारात सेटल केलं. तेव्हापासून एक रुपयाचं कर्ज नाही तरी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ५७१ दाखवते. आता आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न आहे, मेच्या शेवटापर्यंत घर खाली करून मागितलं. त्रिमूर्तीनगरात एक ९ हजाराचा फ्लॅट आवडला पण मालक पुण्याला राहतो, ब्रोकर म्हणते सिबिलचा स्क्रीनशॉट पाठवा. माझा साळा म्हणतो आकडा एडिट करून देतो, कोणाला समजते. आणि बर्डीत (सीताबर्डीत) एक एजंट भेटला तो ४ हजारात १५ दिवसांत स्कोअर ७५० करून देतो म्हणते. काय करू? — एक वाचक, सुभाषनगर

उत्तर: भाऊ, साळ्याला पहिले चहा पाजा आणि घरी पाठवा. ५७१ चे ७५१ केलेला कागद पुढे कधीही उघडा पडू शकते, आणि मग कर्ज थकवणारा हा शिक्का जाऊन खोटे कागद देणारा हा शिक्का बसेल, तो ५७१ पेक्षा लई वाईट. एजंटचंही तेच. रिपोर्टमधली नोंद बँकेनं कळवल्याशिवाय बदलत नाही, त्यामुळे तो ४ हजारात करणार काय? चूक असेल, म्हणजे दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या नावावर दिसून राहिलं असेल, तर तक्रार स्वतः ऑनलाइन करता येते, फुकटात. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढा आणि बसून वाचा. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्यानं कमी होत नाही, ही भीती उगाच लोकांच्या डोक्यात बसली आहे.

आता त्या पुण्याच्या मालकाचं. त्याला तुमचा रिपोर्ट परस्पर काढता येत नाही, तो बँका-फायनान्सवाल्यांसाठी आहे, म्हणूनच तर तो तुमच्याकडून मागून राहिला. आणि खरं सांगू का, त्याला ५७१ शी काही घेणंदेणं नाही. त्याला भीती दोनच, किराया दर महिन्याला येईल का, आणि सांगितल्यावर माणूस घर खाली करेल का. या दोन्हीचं उत्तर सिबिलमध्ये नाहीच! तुम्ही ७ वर्षं वेळेवर किराया भरला, तो हिशोब सहसा त्या रिपोर्टात जात नाही, एक कार्ड थकलं ते मात्र ठळक दिसते.

म्हणून त्यानं दुसऱ्यांदा मागायच्या आधी तुम्हीच सांगा. ब्रोकरमार्फत नको, ब्रोकर अर्धं सांगते. मालकाचा नंबर घ्या आणि सरळ लिहा: "साहेब, माझा सिबिल ५७१ आहे. २०२० मध्ये पगार अर्धा झाला तेव्हा कार्ड थकलं, २०२२ मध्ये सेटल केलं, त्यानंतर कर्ज नाही. किराया दर महिन्याला बँकेतून गेलेला आहे, स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा पाठवतो. सध्याच्या घरमालकांशी बोलून घ्या." बस, याच्यापुढं रडगाणं नको.

सध्याच्या घरमालकांचं वजन इथं वापरा. ते तुम्हाला काढून राहिले ते स्वतःच्या गरजेनं, तुमच्या चुकीनं नाही, तेव्हा एक चांगला शब्द ते तुमचं देणं लागतात. अर्ध्या पानाची चिठ्ठी घ्या, किती वर्षं राहिले, किराया कधी थकला नाही, सही आणि फोन नंबर. आणि त्याच बैठकीत डिपॉझिटचंही बोला, कारण खरी अडचण तिथं येणार आहे. नवीन मालक चावी देण्याआधी डिपॉझिट मागेल आणि जुने मालक घर खाली झाल्यावर, रंग पाहून, लाइट बिल पाहून परत करतील, म्हणजे १०-१५ दिवस तुमचे पैसे दोन्हीकडे अडकले. याच १५ दिवसांत लोक मोबाइलवरचं झटपट कर्ज उचलतात आणि ५७१ चे ५२० होतात. निम्मं तरी डिपॉझिट आधी द्या म्हणा, घाई त्यांना आहे.

मालक तरी का-कू करत असेल तर एक महिन्याचं जास्त डिपॉझिट देऊन पहा. पण ११ पोस्ट-डेटेड, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या तारखा टाकलेले, चेक मागितले तर माझं मत, देऊ नका. तुमचा पगार कधी ७ ला कधी १२ ला येत असेल आणि चेक ५ तारखेचा असेल तर तो बाउन्स होणार. नोटीस आल्यावर १५ दिवसांत पैसे दिले नाही तर प्रकरण कोर्टात जाऊ शकते. त्यापेक्षा पगाराच्या तारखेनंतर किराया आपोआप जाईल असं बँकेत लावून द्या आणि मालकाला तसं दाखवा.

आणि एकाच फ्लॅटवर जीव अडकवू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गाडी काढा आणि गल्ल्या फिरा, फाटकावर "किरायाने देणे आहे" अशी पाटी दिसते, मालक खाली राहते आणि वरचा मजला देते, तिथं ब्रोकर नाही आणि सिबिलही नाही. मेट्रोच्या लोकमान्यनगरच्या लाइनवर बन्सीनगर, वासुदेवनगरकडं पहा, कंपनीलाही जवळ पडेल. तिथं सिबिल नाही विचारणार, आडनाव विचारतील, काय खाता ते विचारतील. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही, पण तयारी असू द्या. आणि शोध आत्ताच सुरू करा, नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सामान हलवणं म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको.

सेटलमेंटमध्ये बँकेनं सोडलेल्या २७ हजाराचं आत्ता डोक्यात घेऊ नका, पहिले घर. नंतर हातात पैसे आले की बँकेला लेखी विचारा, उरलेले भरले तर रिपोर्टमधल्या "सेटल्ड" (कमी पैशात मिटवलं) चं "क्लोज्ड" (पूर्ण फेडलं) कराल का. लेखी होकार आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

प्रश्न: मानेवाड्याला आमचं घर आहे, मी एकटीच असते, वरचा मजला किरायानं द्यायचा आहे. मुलगा बंगलोरहून म्हणतो आई सिबिल पाहिल्याशिवाय देऊ नको. आजवर तर नोटरीच करत आलो. — एक काकू

उत्तर: काकू, मुलाची काळजी बरोबर आहे पण औषध चुकलं. ज्यानं जन्मात कर्ज घेतलं नाही त्याचा स्कोअरच नसते, इतवारीत रोखीत धंदा करणारा सज्जन माणूस तुम्ही या चाळणीतून घालवून बसाल. त्याच्या जुन्या घरमालकाला एक फोन करा, दहा मिनिटांत सगळं समजते.

आणि नोटरी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, आणि ते करायची जबाबदारी किरायदाराची नाही, तुमची आहे. नाही केला तर ५ हजारापर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय भांडण झालं तर उलटं सिद्ध होईपर्यंत किरायदार सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. खर्च फार नाही, स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, म्हणजे ९-१० हजार किरायाच्या ११ महिन्यांच्या करारावर अडीच-तीनशे रुपये, शहरात रजिस्ट्रेशन फी १ हजार, करून देणाऱ्याचे वेगळे. आता घरबसल्या ऑनलाइन होते, अंगठा घ्यायला माणूस मशीन घेऊन येते. त्याच वेळी पोलीस स्टेशनला किरायदाराची माहितीही देऊन टाका. मुलगा पुढच्या वेळी आला की त्याच्याकडूनच करून घ्या, त्यालाही समजेल.