पहिला ब्लाउज चार टक्सचाच शिव

अगं, मशीन घेतल्या घेतल्या कटोरी ब्लाउजला हात घालू नकोस. आधी चार टक्सचा साधा ब्लाउज शिव. टक्स म्हणजे कापडाला घातलेली निमुळती चिमूट. तिनेच सपाट कापडाला छातीचा गोलावा येतो. हे हाताला कळलं की बाकीचे प्रकार आपोआप उलगडतात. कटोरीत तो गोलावा वेगळ्या कापलेल्या वाटीतून येतो, तर प्रिन्सेस कटमध्ये मुंढ्यापासून खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या शिलाईतून.

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल. माझे पहिले दोन ब्लाउज तिथेच काचले, कारण घेर मोजलाच नव्हता. बाहीचा गोल मुंढ्याशी टेपने ताडून बघ, मगच जोड.

गळ्याला पट्टी उरेबच हवी, म्हणजे 45 अंशांत तिरकी कापलेली. ती ताणली जाते, म्हणून गोलाईवर चुण्या न पडता बसते. सरळ पट्टी गळ्यावर उभी राहते.

सुती अस्तर आधी भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. आणि बगलेत दोन्ही बाजूंना इंचभर कापड आत सोड. पुढे उसवून सैल करता येतं.