स्वस्त कॅमकॉर्डर: बिघाड कुठला आणि मर्यादा कुठली

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन-तीन तासांचे कार्यक्रम सलग शूट करायचे आहेत, बजेट बेताचं आहे, तर एन्ट्री लेव्हलचा कॅमकॉर्डर घ्यावा का? आणि एकाच मॉडेलबद्दल कोणी म्हणतं वर्षानुवर्षं कुरकुर नाही, कोणी म्हणतं महिन्याभरात कपाटात गेला, हे कसं?

घ्यायला हरकत नाही. अभिप्राय टोकाचे असतात कारण लोक तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात, 'खराब निघाला'. त्यातल्या बऱ्याच तक्रारी कार्डाच्या किंवा बॅटरीच्या असतात, काही छोट्या सेन्सरच्या मर्यादेच्या असतात, आणि खरे यांत्रिक बिघाड मोजून तीन-चार जागी होतात. कुठली तक्रार कशात मोडते हे कळलं की अभिप्राय वाचणंही सोपं जातं.

आधी एक गट बाजूला काढू. 'फोर-के, ४८ मेगापिक्सेल, नाइट व्हिजन, १६ पट झूम' असं खोक्यावर लिहिलेले, अनोळखी नावांचे कॅमेरे. त्यांतल्या बहुतेकांत झूम लेन्स नसतेच. ओळखायची खूण लेन्सच्या कडेवर छापलेली असते. सोनी सीएक्स४०५ च्या कडेवर १.९ ते ५७ मिमी असा पल्ला आहे. ५७ भागिले १.९ म्हणजे ३०, हा झाला ३० पट ऑप्टिकल झूम. कडेवर एकच आकडा असेल तर लेन्स फिक्स्ड आहे आणि झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा ताणून दाखवणं. फोर-केचंही तेच. दूरची छापील पाटी एकदा फोर-केमध्ये आणि एकदा फुल एचडीमध्ये शूट करा, दोन्ही चित्रं मोठ्या पडद्यावर सारख्याच आकारात बघा. अक्षरं तेवढीच धूसर असतील तर फाइल फक्त फुगवलेली आहे. नाइट व्हिजनसाठी इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर काढून टाकलेला असेल, तर भर दिवसा काळं कापड जांभळट-तपकिरी दिसतं. ती सेटिंगची चूक नसते, त्यामुळे मेनूत शोधत बसू नका.

आता खऱ्या कॅमकॉर्डरकडे. सीएक्स४०५, कॅनन एचएफ आर८००, पॅनासॉनिक एचसी-व्ही१८० ही या वर्गातली ठरलेली नावं. यांचे सेन्सर नखाएवढेही नसतात: सोनी आणि पॅनासॉनिकचा १/५.८ इंच, कॅननचा १/४.८५ इंच. आजच्या साध्या फोनचा मुख्य सेन्सरही याहून मोठा असतो. तेव्हा मंद उजेडात फोनचं चित्र सरस दिसलं तर नवल नाही, कॅमेऱ्यात दोषही नाही.

त्यात झूमची भर पडते. सीएक्स४०५ ची लेन्स वाइडला (झूम न करता) एफ १.८ असते, पूर्ण झूमला एफ ४; हा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून कमी उजेड आत येतो. हिशोब केला तर सेन्सरवर पडणारा उजेड जवळपास पाचपट घटतो. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून पूर्ण झूम लावून नाटक शूट केलं आणि 'चित्रात मुंग्या धावतात, फोकस पुढेमागे होतो' असा अभिप्राय दिला, तर त्याचं कारण हे आहे. उजेड कमी झाला की कॅमेरा गेन, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलची ताकद, वाढवतो, गेनमुळे दाणे वाढतात, आणि दाण्यांच्या गर्दीत ऑटोफोकसला कडा सापडत नाहीत. तिपाई पुढे न्या, झूम निम्म्यावर ठेवा, डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करा, आणि फोकस एकदा लागला की मॅन्युअलवर टाका. एवढ्यानेच अर्धी तक्रार मिटते. रंगमंचावर स्पॉटलाइटमध्ये चेहरे पांढरेफटक पडत असतील तर एक्सपोजर एक-दोन पायऱ्या खाली आणा. काही मॉडेलांत यासाठी 'स्पॉटलाइट' नावाचा सीन मोडच असतो.

चित्रात पट्टे सरकताना दिसले तर वीज किती हर्ट्झची आहे ते बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि सेकंदाला ६० फ्रेमचा कॅमेरा त्याच्याशी जुळत नाही. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर पट्टे जातात. ६० हर्ट्झच्या प्रदेशात १/६० किंवा १/१२०. पण स्वस्त मॉडेलांत शटर हातात नसतो, त्यामुळे दुसऱ्या प्रदेशासाठी बनलेला माल घेतलात तर ही कटकट कायमची गळ्यात पडते. डिमर लावलेल्या एलईडी दिव्यांवर मात्र हा हिशोबही चालेलच असं नाही.

आता सगळ्यात जास्त डोकेदुखीचा भाग, कार्ड आणि फाइली. 'रेकॉर्डिंग मध्येच थांबतं', 'फाइल उघडत नाही', 'अर्धा कार्यक्रम गायब' या तक्रारींचा उगम बहुधा कॅमेऱ्यात नसून कार्डात असतो.

आकडे बघा. ५० एमबीपीएसचं (सेकंदाला ५० मेगाबिट) रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ६.२५ एमबी, तासाला २२.५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांच्या आतबाहेर मावतं. २८ एमबीपीएसला तासाला १२.६ जीबी, म्हणजे त्याच कार्डात पाच तास. वेगाची गरज फार नाही. क्लास १० किंवा यू१ चं कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहितं, ते पुरतं. सोनीच्या एक्सएव्हीसी एस फॉरमॅटला मात्र एसडीएक्ससी, म्हणजे ६४ जीबी किंवा त्याहून मोठं कार्ड लागतं. मग गोची कुठे होते? बनावट कार्डात. कार्ड स्वतःला १२८ जीबी म्हणवतं, आत चिप असते १६ जीबीची. पहिले १६ जीबी सुरळीत जातात, पुढचं सगळं हवेत. फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो, उघडायला गेलं की काही नाही. म्हणून नवं कार्ड आधी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रॅमने काठोकाठ भरून, परत वाचून तपासा. दोन-तीन तास जातात. ज्या कार्यक्रमाची पुनरावृत्ती होणार नाही, त्याच्यापुढे ते काहीच नाहीत. तपासून झालं की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कारण फोल्डरांची रचना कॅमेऱ्याला स्वतःची लागते.

दीड तासाच्या कार्यक्रमाच्या सात-आठ फाइली दिसल्या म्हणून घाबरू नका. कार्डावर फाइली मांडायच्या एफएटी३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात. तोडलेल्या एमटीएस फाइली (एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंग फॉरमॅटच्या व्हिडिओ फाइली) एडिटरमध्ये शेजारी ठेवल्या तर जोडावर आवाज क्षणभर तुटलेला ऐकू येतो. त्या फाइली कंपनीच्याच सॉफ्टवेअरने आयात करा, ते जोडून घेतं. किंवा बायनरी पद्धतीने, म्हणजे आतला डेटा न बदलता जसाच्या तसा, एकापुढे एक चिकटवून एकच फाइल करा. कार्डावरून संगणकावर नेताना नुसत्या एमटीएस उचलू नका, 'प्रायव्हेट' हा अख्खा फोल्डर कॉपी करा. तुकड्यांचा क्रम आणि तारखा त्यातल्या छोट्या फाइलींत असतात.

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा वायर निघाली तर काय करायचं? एव्हीसीएचडीत लिहिलेलं बहुतेक वाचतं, कारण तो प्रवाह तुकड्यातुकड्यांनी पूर्ण होत जातो. एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली तर चित्र कार्डावर असतं पण कुठला प्लेअर ते उघडू शकत नाही. अशा वेळी कार्ड बाहेर काढू नका, संगणकाला तर लावूच नका. भरलेली बॅटरी चढवा, तेच कार्ड आत ठेवून कॅमेरा सुरू करा. बरेच कॅमेरे स्वतःहून दुरुस्ती करू का म्हणून विचारतात. 'हो' म्हणा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. त्यानेही झालं नाही तर अनट्रंकसारखा प्रोग्रॅम वापरता येतो. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तोवर त्या कार्डावर नवं काही रेकॉर्ड करू नका.

बॅटरीच्या वेळेबद्दल. माहितीपत्रकात 'सलग' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन आकडे असतात. झूम, चालू-बंद आणि थांबून राहणं धरलं की प्रत्यक्ष वेळ सलगच्या निम्म्यावर येते. 'बॅटरी अर्धीच चालते' हा अभिप्राय तिथून येतो. लांब कार्यक्रमाला अडॅप्टरच लावा. यूएसबीची वायर लावून कॅमेरा रेकॉर्डिंग करेल असं गृहीत धरू नका. काही मॉडेलांत यूएसबीने फक्त चार्जिंग होतं, तेही कॅमेरा बंद असताना. बॅटरी महिनोन्महिने पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की लवकर मरते, निम्मी भरून थंड जागी ठेवा. दर वेळी तारीख विचारत असेल तर ती मुख्य बॅटरीची चूक नाही. घड्याळाची आतली छोटी सेल उतरलेली असते. कॅमेरा २४ तास अडॅप्टरवर ठेवला की ती बहुधा पुन्हा भरते.

आवाजात बजेट मॉडेलं सगळ्यात लंगडी. अंगच्या माइकला ऑटो गेन असतो, म्हणजे आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच कमी-जास्त करतो. वक्ता थांबला की दोन सेकंदांत पंख्याची घरघर वर येते, टाळ्या वाजल्या की गेन दबतो आणि पुढचं वाक्य खोल विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. आर८०० ला माइक आणि हेडफोन दोन्हींचं भोक आहे, सीएक्स४०५ ला माइकचं नाही. हा फरक माझ्या मते झूमच्या आकड्यांपेक्षा मोठा आहे. भोक नसेल तर वेगळा रेकॉर्डर वक्त्याजवळ ठेवा, ४८ किलोहर्ट्झवर, आणि चित्राशी आवाज जुळवायला सुरुवातीला व शेवटी अशी दोनदा टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभरात आवाज काही फ्रेम पुढेमागे सरकतो. दुसरी टाळी त्यासाठीच.

खरे बिघाड आता.

पडद्याची बिजागरी. पडदा आणि मुख्य बोर्ड यांना जोडणारी चपटी रिबन केबल बिजागरीतून वळत जाते. हजारदा उघडझाप झाली की तिच्यातल्या तारा तडकतात. लक्षण ठरलेलं असतं: पडदा एका कोनात ठीक, थोडा पुढे ढकलला की पांढरा किंवा काळा, कधी चित्र उलटं होऊन तसंच राहतं, कधी फक्त टच मरतो. एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र नीट असेल तर लेन्स, सेन्सर, बोर्ड सगळं शाबूत आहे, फक्त केबल बदलायची. नवी केबल मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुन्या केबलवर छापलेला क्रमांक जुळवा. आणि पडदा फिरवण्याआधी तो पूर्ण ९० अंश उघडा; अर्धवट उघडून मुरगाळणं हेच बहुतेक केबलींचं मरण.

लेन्सचं झाकण. आपोआप उघडणारी पाती धूळ किंवा वाळू गेली की अर्ध्यात अडकतात आणि चित्राच्या कोपऱ्यात काळी सावली येते. कॅमेरा बंद करून लेन्स खाली धरा, रबरी ब्लोअरने कडेने हवा मारा, दोन-तीनदा चालू-बंद करा. तेलाचा थेंबसुद्धा नको. तो पसरत लेन्सवर जातो. चित्र पूर्ण काळं असेल तर आधी झाकणाची सरकपट्टी तपासा. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत ती हातानेच सरकवावी लागते, आणि लोक खरोखर सर्व्हिस सेंटरपर्यंत जाऊन येतात.

तिसरी जागा म्हणजे वायरींच्या खोबण्या आणि काही मॉडेलांत हाताच्या पट्ट्यात बसवलेली यूएसबी वायर. अडॅप्टरची पिन तिरकी ओढली गेली की सॉकेट बोर्डावरून सुटतं. वायर तिपाईच्या पायाला एक वेढा देऊन बांधा, म्हणजे कोणी अडखळलं तरी झटका सॉकेटला बसत नाही.

सोनीच्या पडद्यावर 'सी' ने सुरू होणारा कोड आला तर बॅटरी, अडॅप्टर काढून पुन्हा लावण्याने बऱ्याचदा निभावतं. 'ई' ने सुरू होणारा कोड वारंवार आला तर स्वतः उघडत बसू नका. बंद कॅमेरा हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं ते मात्र बहुधा ऑप्टिकल स्टॅबिलायझरचं (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचं) मोकळं भिंग असतं, तो दोष नव्हे. तिपाईवर स्टॅबिलायझर बंदच ठेवा, नाहीतर पॅन करून (कॅमेरा आडवा फिरवून) थांबल्यावर चित्र थोडं पुढे घसरतं.

नवा असो की वापरलेला, परत करायची मुदत संपायच्या आत एवढं कराच. झाकण बंद ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा; एकाच जागी ठाम बसलेले रंगीत ठिपके म्हणजे सेन्सरचे बिघडून सतत पेटलेले बिंदू. पूर्ण झूम करून दूरच्या भिंतीवर फोकस लावा, मग हळूहळू वाइडला या. मध्येच चित्र मऊ पडलं किंवा एकच बाजू धूसर राहिली तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे. शेवटी अडॅप्टरवर, तपासलेलं कार्ड घालून, ते भरेपर्यंत सलग चालू द्या. त्यानंतर पहिली फाइल, मधली एखादी आणि शेवटची उघडून बघा. तिन्ही चालल्या आणि कॅमेरा नुसता कोमट असला, तर तुमच्या तीन तासांच्या कार्यक्रमाला तो चालेल.